तीन वर्षांत काय आलं, हे कोण पाहतं?

पुण्यात गुरुत्व त्वरणाचं मूल्य ९.७८ च्या आसपास आहे. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही आणि समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहोत, म्हणून ते थोडं कमी भरतं. शाळेपासून पाठ केलेलं ९.८१ युरोपातल्या अक्षांशांना लागू पडतं. तरी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची जर्नलं (प्रयोगवह्या) तपासायला घेतली, की हे मूल्य मोजण्याच्या बार पेंड्युलमच्या, म्हणजे दांडीच्या लंबकाच्या, प्रयोगाखाली ‘रिझल्ट’पुढे बहुतेकांचं उत्तर ९.८ नाहीतर ९.८१ असतं. खरं तर त्या उपकरणावर, हाताने स्टॉपवॉच दाबून, कुणाचं ९.६ यावं, कुणाचं ९.९. सगळ्यांचं एकच येतं, कारण उत्तर आधी ठरवून रीडिंगं मागून भरलेली असतात. वीस दोलनांना किती वेळ लागायला हवा ते कॅल्क्युलेटरवर काढायचं, शेवटच्या आकड्यात थोडी फिरवाफिरव करायची, तक्ता भरायचा, ग्राफ काढायचा. ग्राफवरचे बिंदू इतके सुबक बसतात, की सरावलेल्या डोळ्याला ते लांबूनच कळतं.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. ही मुलं लबाड आहेत असं मला कधी वाटलं नाही. ९.६ लिहिणाऱ्याला ‘रीडिंग परत घे’ असं ऐकावं लागतं आणि ९.८१ लिहिणाऱ्याला सही मिळते, हे पहिल्या सत्रातच त्यांच्या लक्षात येतं. जर्नल सर्टिफाय झाल्याशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही, मग कोण कशाला जोखीम घेईल? पण तो प्रयोग ठेवलेला असतो, तो मोजलेल्या गोष्टीवर किती भरवसा ठेवायचा हे कळावं म्हणून. माझं ९.६ आलं, त्यात ०.२ इकडेतिकडे होऊ शकतं आणि ते अमुक कारणानं होऊ शकतं, एवढं धीटपणे सांगता येणं ही विज्ञानाच्या पदवीधराकडून करायची अगदी प्राथमिक अपेक्षा आहे. तिच्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून ती पूर्ण होते की नाही हे तीन वर्षांत कुणी पाहतही नाही.

आपल्या विद्यापीठांत प्रत्येक पेपर तपासला जातो. पदवी मात्र कुणीच तपासत नाही. मुलगी पहिल्या वर्षाला आली तेव्हा तिला काय येत नव्हतं, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी काय येऊ लागलं, ते आम्ही शिकवल्यामुळे आलं, क्लासमुळे आलं की तिनं आपलं आपण मिळवलं, हा प्रश्न विभागाच्या बैठकीत निघतच नाही. निकाल किती टक्के लागला एवढंच निघतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर तुकडे आणखी बारीक झाले आहेत. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, आणि ते मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी आणि एसईसी (कौशल्यं), एईसी (भाषा-क्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञानप्रणाली) अशा शीर्षकांखाली वाटलेले. त्यांतले पुष्कळसे विषय दोन-दोन क्रेडिटचे. प्रत्येकाची अंतर्गत परीक्षा वेगळी, सत्रान्त परीक्षा वेगळी. मूल्यमापनाचा व्याप कितीतरी वाढला. मात्र हे सगळे तुकडे जोडून एक शिकलेला माणूस तयार होतो आहे का, हे बघण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

याची मुळं जुनी आहेत. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठानं. १८८५ साली सुरू झालेल्या फर्ग्युसनच्या मुलांनाही परीक्षा मुंबई विद्यापीठाचीच होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झालं, डॉ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, पण शिकवणारे वेगळे आणि तपासणारे वेगळे ही घडी संलग्न कॉलेजांपुरती तशीच राहिली. त्याच १९४९ साली डॉ. राधाकृष्णन आयोगाचा अहवाल आला. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची, असं त्या आयोगानं स्वच्छ म्हटलं होतं. आपलं विद्यापीठ जन्माला येत असतानाच हे निदान झालेलं होतं.

पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगानं काम केलं. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक. त्यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था नंतर पुण्यात कोथरूडला आली, म्हणजे हा वारसा आपल्या दाराशी आहे. या आयोगानं अंतर्गत मूल्यमापनाचा आग्रह धरला, पण एका अटीवर. अंतर्गत गुण बाहेरच्या परीक्षेच्या गुणांत यांत्रिकपणे मिसळू नयेत, दोन्ही शेजारी-शेजारी वेगळे दाखवावेत. मला ही अट फार शहाणपणाची वाटते. वर्षभर मुलाला बघणारा शिक्षक काय म्हणतो आणि त्याला कधीही न पाहिलेला परीक्षक त्याची दोन-तीन तासांची उत्तरपत्रिका वाचून काय म्हणतो, या दोन वेगळ्या साक्षी आहेत. त्या जुळल्या नाहीत तर तिथेच विचारण्यासारखं काही असतं. मुलगा परीक्षेत घाबरतो का? शिक्षक सढळ हातानं गुण वाटतो का? की वर्गात एक शिकवलं आणि पेपरात दुसरंच आलं? आपण मात्र तीस आणि सत्तरची बेरीज करतो आणि दोन्ही साक्षी पुसून टाकतो.

आता त्या सत्तर गुणांच्या लेखी परीक्षेकडे बघू. ‘पाचपैकी कोणतेही तीन सोडवा’ अशी सोय असते, म्हणून पुष्कळ मुलं एखादं युनिट सरळ ऑप्शनला टाकतात. एंट्रॉपीसारखी गाभ्याची संकल्पना ऑप्शनला टाकून थर्मोडायनॅमिक्समध्ये (उष्णतेच्या शास्त्रात) सत्तर टक्के पाडणारा मुलगा वर्गात हुशार म्हणून ओळखला जातो. चाळीस टक्क्यांनी पास झालेल्याला कुठले चाळीस टक्के येतात हे त्याच्या गुणपत्रिकेवरून कुणालाही सांगता येणार नाही. अप्पा बळवंत चौकात मिळणारी गाइडं याच हिशोबावर खपतात: मागच्या काही वर्षांचे प्रश्न, युनिटवार वेटेज, आयएमपी काय, सोडलं तर काय चालेल. सकाळी कॉलेज, दुपारी नोकरी आणि रात्री सदाशिव पेठेतल्या कॉट बेसिसच्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलानं तो हिशोब केला तर त्याला नावं ठेवण्यात काही अर्थ नाही. पेपर जे मागतो ते तो देतो.

आणि तपासणी? १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती काढून शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला कुणी ५० गुण दिले, कुणी ९७. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली, तरी फरक प्रचंडच निघाला. कॅप सेंटरला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणी केंद्रावर, बसून गठ्ठे तपासलेल्या कुठल्याही प्राध्यापकाला याचं नवल वाटणार नाही. मॉडेल आन्सर समोर असतं, मॉडरेशन होतं, सगळे प्रामाणिकपणे बसलेले असतात. पण दुपारी चारनंतर हातात आलेली उत्तरपत्रिका सकाळी अकराच्या उत्तरपत्रिकेइतक्या सावकाश वाचली जात नाही. फेरमूल्यांकनाचा अर्ज भरून पोरं थोडा न्याय मिळवतात. पण तो न्याय गुणांपुरता. आपल्याला नेमकं काय समजलेलं नाही हे छायाप्रत हातात आली तरी त्यांना कुणी सांगत नाही.

हे सांगता येतं, आणि माझ्याच विषयात त्याचं उदाहरण आहे. १९९२ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या डेव्हिड हेस्टनीस यांनी सहकाऱ्यांबरोबर बल आणि गती या संकल्पनांवर एक चाचणी तयार केली. तीसच्या आसपास बहुपर्यायी प्रश्न, आकडेमोड जवळपास नाहीच. वर फेकलेला चेंडू अगदी माथ्यावर असताना त्याच्यावर कुठलं बल असतं, अशा धाटणीचं विचारायचं. उदाहरणं धडाधड सोडवणारी मुलं इथे अडखळतात. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे या प्रकारच्या चाचण्यांमधले अभ्यासक्रमाआधीचे आणि नंतरचे गुण एकत्र पाहिले. नुसती व्याख्यानं झालेल्या वर्गांत जेवढी सुधारणा शक्य होती तिच्या साधारण पाव भाग झाली. जिथे मुलांना आपसात चर्चा करायला, अंदाज बांधायला, चुकायला वाव होता तिथे जवळजवळ निम्मी. इथे कुणाला पास-नापास करायचं नव्हतं. विद्यार्थी तेच, प्रश्न तेच, मध्ये एक सत्र, आणि त्या सत्रानं काय केलं हे पाहायचं. शिक्षकांनी आपली पद्धत बदलली ती हे आकडे पाहून.

आपल्याकडे असं काही करूया म्हटलं की उत्तर तयार असतं: ‘आम्ही करतोच की, सीओ-पीओ ॲटेनमेंट.’ म्हणजे विषयाचे (सीओ) आणि पदवीचे (पीओ) ठरवलेले आउटकम कितपत साध्य झाले याचा हिशोब. २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, अभियांत्रिकीत एनबीए या मान्यता-मंडळासाठी आउटकमची भाषा आली आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या वाटेनं ती कला, वाणिज्य, विज्ञानातही पोहोचली. मूळ कल्पना मला मनापासून पटते. विद्यार्थ्याला शेवटी काय करता आलं पाहिजे हे आधी लिहा, मग ते आलं का ते बघा. यात चूक काहीच नाही. पण आमच्या हातात ती कशी येते ते सांगते. प्रत्येक विषयाचे पाच-सहा कोर्स आउटकम लिहायचे. एक तक्ता करायचा, आडव्या ओळीत पदवीचे आउटकम, उभ्यात विषयाचे, आणि चौकोनांत ३, २, १ किंवा आडवी रेघ. मग परीक्षेचे गुण एक्सेलमध्ये टाकायचे. साठ टक्के मुलांना साठच्या वर गुण असतील तर अमुक लेव्हल, सत्तर टक्के मुलांना असतील तर तमुक. त्याला ८० टक्के वजन, मुलांनी भरलेल्या फॉर्मला २० टक्के. गुणाकार, सरासरी, आणि शेवटी दोन दशांश स्थळांपर्यंत एक आकडा.

त्या आकड्यात परीक्षेच्या गुणांपलीकडची कुठलीही माहिती नसते. संलग्न कॉलेजांना विद्यापीठाकडून बेरीज मिळते, कुठल्या प्रश्नाला किती गुण पडले हे मिळत नाही. त्यामुळे एंट्रॉपी ऑप्शनला टाकलेल्या त्या मुलाचे सत्तर टक्के ‘विद्यार्थी एंट्रॉपीची संकल्पना स्पष्ट करू शकेल’ या आउटकमच्या खात्यातही जमा होतात. नॅकच्या मूल्यांकनाच्या आधीच्या महिन्यात स्टाफरूममध्ये रात्री उशिरापर्यंत बसून या फायली होतात. त्यात कुठल्या कुठल्या प्राध्यापकांच्या सुट्ट्या जातात, ते मी जवळून पाहिलं आहे. तो आकडा पाहून एखाद्यानं आपलं एक लेक्चर तरी बदललं असं मात्र माझ्या पाहण्यात नाही. इतकी मेहनत, आणि शिकवण्याला तिचा काडीचाही उपयोग नाही, याचं मला खरोखर दुःख होतं.

मग लेखी परीक्षाच काढून टाका, सगळं कॉलेजांवर सोपवा, असं म्हणणारे आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि त्याचं कारण पुण्याच्याच इतिहासात आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षणाबद्दलच्या त्यांच्या मागण्या सर्वांना माहीत आहेत. त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट आहे. मुंबई विद्यापीठ खाजगी रीतीनं अभ्यास केलेल्या मुलांना प्रवेश परीक्षेला बसू देतं याचं त्यांनी स्वागत केलं, आणि हीच सवलत बीए, एमएपर्यंत द्यावी असं सुचवलं. ज्याला कॉलेजची पायरी चढणं परवडत नाही त्याला परीक्षेच्या दारानं तरी आत येता यावं, हा त्यामागचा विचार. आज विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. त्यामुळे बाहेरच्या परीक्षेचं हे दार बंद करण्याआधी आपण दहादा विचार केला पाहिजे.

जुन्नर किंवा अकोले तालुक्यातल्या गावातून आलेल्या पोराच्या उत्तरपत्रिकेवर आडनाव नसतं, बारकोड असतो. परीक्षकाला त्याची जात कळत नाही, त्याचे कपडे दिसत नाहीत, इंग्रजी बोलताना त्याची उडणारी भंबेरी ऐकू येत नाही. अंतर्गत गुण देणाऱ्या शिक्षकाला हे सगळं माहीत असतं. पुढच्या बाकावर बसून शंका विचारणाऱ्या मुलीचं नाव त्याला पाठ असतं आणि मागे गप्प बसणाऱ्याचं नसतं. हेतुपुरस्सर कुणी अन्याय करत नसेलही, पण असा कल आपल्या सगळ्यांत असतो. उलट बाजूनं दुसरी अडचण: कॉलेजचा निकाल चांगला लागावा म्हणून अंतर्गतचे गुण सरसकट वरच्या पट्ट्यात दिले जातात आणि त्यांना काही अर्थच उरत नाही. म्हणून पास-नापास, वर्ग, श्रेणी यांसाठी निनावी लेखी परीक्षा राहू द्या. प्रश्न सुधारा, ऑप्शन कमी करा, तपासणाऱ्याला वेळ आणि पुरेसं मानधन द्या. पण तिच्याकडून पदवीचा अर्थ सांगण्याची अपेक्षा करू नका. ते काम वेगळं आहे, आणि ते गुणांपासून पूर्णपणे तोडून केलं पाहिजे.

ते कसं करता येईल? माझ्या डोळ्यांपुढे जे आहे ते फार अवघड नाही. दरवर्षी तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की विभागातल्या सगळ्यांनी एक दिवस एकत्र बसायचं. चिठ्ठ्या टाकून पंधरा विद्यार्थी निवडायचे, त्यांचं काम घ्यायचं: एक प्रकल्प अहवाल, एक प्रयोग, एखादं मोठं उत्तर. नावं झाकायची. आधी सगळ्यांनी मिळून तीन-चार प्रश्न ठरवलेले असतील, आणि प्रत्येकानं तेवढेच प्रश्न मनात ठेवून ते काम वाचायचं. भौतिकशास्त्रात मी विचारीन: मोजलेल्या मूल्यावर किती भरवसा ठेवायचा हे याला सांगता येतं का? सूत्र न देता अंदाज बांधता येतो का, म्हणजे पर्वतीच्या पायऱ्या चढायला साधारण किती ऊर्जा लागेल असं विचारलं तर तो कागद-पेन्सिल घेऊन कामाला लागतो का? इतिहासाच्या विभागाला १९६१ च्या पानशेत पुराची सरकारी नोंद आणि एखाद्या रहिवाशाची आठवण शेजारी ठेवता येईल, आणि दोन्हींत मेळ नसेल तिथे विद्यार्थी काय करतो ते बघता येईल. वाणिज्यवाले एखाद्या किराणा दुकानाची उधारीची वही देऊन धंदा खरंच नफ्यात आहे का ते विचारू शकतील. हे प्रश्न त्या त्या विभागानं ठरवावेत. दिल्लीहून आलेल्या यादीतून ते निवडू नयेत.

लेखी कामाबरोबर प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलणंही हवं, कारण घरून लिहून आणलेलं आता चॅटजीपीटीनं लिहिलेलं असू शकतं. त्यामुळे सबमिशन या प्रकारावरचा उरलासुरला विश्वासही गेला आहे. पण बोलण्याचं माझ्या मते खरं कारण त्याहून मोठं आहे. विज्ञान शाखेची परीक्षा इंग्रजीत होते. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) द्रव वाहताना किती अडतो ते सांगणाऱ्या ‘कोइफिशंट ऑफ व्हिस्कॉसिटी’ची व्याख्या विचारली की काही मुलं ती एका दमात म्हणतात. त्यांनाच मराठीत विचारा, थंडीत मधाची बाटली ओतताना मध का लवकर येत नाही आणि उन्हात ठेवल्यावर काय बदलतं, आणि कितीतरी जण थांबतात. त्याच वेळी व्याख्येला मान खाली घातलेली एखादी मुलगी थराथरांचं एकमेकांवर घासणं हातांनी करून दाखवते आणि तापमान वाढल्यावर रेणूंचं काय होत असेल याचा तर्कही लढवते. तिला विषय समजला आहे. आमच्या आजच्या पद्धतीत ती नापासाच्या उंबरठ्यावर असते, आणि व्याख्या म्हणणारा पहिल्या वर्गात. म्हणून ही दहा मिनिटं विद्यार्थ्याला हव्या त्या भाषेत झाली पाहिजेत. गुण नाहीत, नाव नोंदवायचं नाही, त्यामुळे घाबरायचंही कारण नाही.

दिवसाच्या शेवटी दोन पानं लिहायची. पंधरापैकी किती जणांना काय येत होतं, कुठे सगळेच अडले, आणि पुढच्या वर्षी आपण काय वेगळं करणार. पुढच्या वर्षी बसताना ही दोन पानं आधी वाचायची. आमच्या विभागात हे झालं तर पहिल्याच वर्षी ९.८१ च्या जर्नलांचं सत्य कागदावर येईल, आणि मग ९.६ लिहिणाऱ्याला सही द्यायला आम्हाला एकमेकांचा आधार मिळेल. एकट्या शिक्षकाला ते जमत नाही, कारण प्रॅक्टिकलला येणारा एक्स्टर्नल काय म्हणेल ही धास्ती असते.

अडचणी आहेत. भरती रखडल्यामुळे अनेक विभाग सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमलेल्या, प्राध्यापकांच्या जोरावर चालतात. त्यांना तासाचे पैसे मिळतात, वर्गाबाहेरच्या कामाचे मिळत नाहीत. मेमध्ये तर त्यांची नेमणूकही संपलेली असते. त्यांच्याकडून हा दिवस फुकट मागणं अन्यायाचं होईल. दुसरं, संलग्न कॉलेजाच्या हातात अभ्यासक्रम नसतो, तो अभ्यासमंडळ ठरवतं. एखाद्या विभागाच्या लक्षात आलं की एरर ॲनालिसिस पहिल्या वर्षाऐवजी तिन्ही वर्षांत थोडं थोडं शिकवायला हवं, तर ते सांगायचं कुणाला? आणि सगळ्यात मोठा धोका असा, की या कामाला कुणीतरी गुण लावेल. नॅकच्या अर्जात ‘तुमच्या विभागाचा सरासरी स्कोअर किती’ असा रकाना आला, की दुसऱ्या वर्षी पंधराच्या पंधरा विद्यार्थी सर्वोत्तम निघतील आणि या खटाटोपाचंही सीओ-पीओ होऊन बसेल.

तेव्हा विद्यापीठाकडे तीन मागण्या कराव्यात असं मला वाटतं, आणि अधिसभेवर निवडून गेलेल्या शिक्षक व पदवीधर प्रतिनिधींनी त्या मांडाव्यात. शैक्षणिक वेळापत्रकात परीक्षेनंतरचा एक दिवस या कामासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी येणाऱ्या सीएचबी प्राध्यापकांना कॅपच्या धर्तीवर मानधन मिळावं. विभागांच्या त्या दोन-दोन पानांमधला एकही आकडा कुठल्याही क्रमवारीसाठी किंवा कुणा शिक्षकाविरुद्ध वापरला जाणार नाही, असं लेखी आश्वासन द्यावं. आणि अभ्यासमंडळानं कुठल्याही विषयाचा अभ्यासक्रम बदलायला घेतला, की यूजीसीच्या आराखड्याआधी पुणे, नाशिक आणि अहिल्यानगरच्या कॉलेजांतून आलेली ही पानं टेबलावर ठेवावीत. पुढची अभ्यासक्रम-फेररचना होईल तेव्हा निदान दोन वर्षांची पानं हाताशी असायची, तर सुरुवात येत्या परीक्षेनंतरच करावी लागेल.